टॅपेटची टिकटिक आणि तेलाचा काटा

मोटारीच्या इंजिनातून बारीक टिकटिक येऊ लागली आणि त्याच सुमारास तेलाच्या दाबाचा काटा खाली बसू लागला, म्हणजे गाडीचा धनी जो पहिला प्रश्न विचारतो तो नांदेडच्या देगलूर नाक्यावर काय किंवा लातूरच्या बार्शी रस्त्यावर काय, पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिला आहे : "उस्ताद, इंजिन उतरवावं लागतंय का?" उत्तर नकारार्थी आले तर काम तासाभराचे आणि खर्च किरकोळ, होकारार्थी आले तर गाडी आठ-पंधरा दिवस बॉनेट उघडे टाकून उभी राहणार, क्रँक लेथवर जाणार, आणि ऐन हंगामात धन्याच्या गाठीचा पैसा सुटणार. या एका प्रश्नाचे उत्तर देण्याची जी विद्या या दोन शहरांत रुजली, ती कोणत्या मार्गांनी येथवर आली आणि कोणत्या कारणांनी तिला आजचे रूप प्राप्त झाले, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

उस्तादांच्या कानांची कीर्ती मोठी आहे. गाडी फाटकातून आत शिरण्यापूर्वीच तिचा रोग ओळखणाऱ्या मिस्त्र्यांच्या आख्यायिका गल्लोगल्ली सांगितल्या जातात, आणि सांगणाऱ्याच्या वयाबरोबर त्या वाढतही जातात. मला त्या आख्यायिकांविषयी आदर आहे. विश्वास मात्र बेताचाच आहे. कारण त्या कानामागे एक रीतसर पद्धत होती, ती शिकविता येत होती आणि शिकविली जातही होती. आणि ती पद्धत बव्हंशी टंचाईतून निपजली होती. दाबमापक नाही, असला तर बिघडलेला. कंपनीचे पुस्तक नाही, असले तर इंग्रजीत. सुटा भाग हैदराबादेहून किंवा मुंबईहून येणार, तोही आला तर. अशा स्थितीत इंजिन खोलून पाहणे हा सर्वांत महाग उपाय ठरतो, आणि न खोलता जितके कळेल तितके कळून घेणे हीच खरी किफायत ठरते.

मोटारीच्या आधी या मुलखात आगगाडी आली. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला. लातूरला तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोहोचली. पूर्णा जंक्शनला वाफेच्या इंजिनांची शेड होती. कापसाच्या या पट्ट्यात सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस होते, नांदेडला पुढे उस्मानशाही कापड गिरणी उभी राहिली, आणि या सर्व ठिकाणी बॉयलर, शाफ्ट, पट्टे आणि तेलाची इंजिने सांभाळणारे फिटर लागत. मोटारीच्या मिस्त्र्यांची पहिली पिढी आकाशातून पडली नाही. व्हाइट मेटल कसे ओतावे, शाफ्ट तापला की हात लावून कसे ओळखावे, वंगण कमी पडले म्हणजे धातू कसा ओरडतो, हे सर्व ठाऊक असलेला मनुष्य या जिनांत आणि शेडांत अगोदरच तयार होता. मोटार आली तेव्हा त्याला फक्त पेट्रोल आणि ठिणगी एवढेच नवे होते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या या मुलखात मोटार आली ती अर्थातच प्रथम बड्या लोकांकडे. सहाव्या निजामाने १९११ च्या सुमारास मागविलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर हैदराबादेस पोहोचलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ही पिवळी 'तख्ताची गाडी' प्रसिद्धच आहे. तिचे इंजिन चालू आहे की बंद हे कळू नये इतकी शांतता ही त्या गाडीची शान होती, आणि ती फारशी चाललीच नाही हा तिच्या नशिबाचा भाग. जिल्ह्यांत मात्र अव्वल तालुकदार, जहागीरदार, आडत्ये आणि वकील यांच्याकडे ज्या गाड्या दिसत त्या बहुधा अमेरिकन बनावटीच्या असत. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली होती, फोर्डही मागे नव्हता, आणि तेथून शेव्हरोले व फोर्डच्या मोटारी व लॉऱ्या देशभर पसरल्या.

सार्वजनिक वाहतुकीची घडी बसली ती १९३२ च्या जूनमध्ये. निजाम सरकारने दोन वर्षांपूर्वीच रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली होती. त्याच रेल्वेच्या अंगाखाली रस्ता वाहतुकीचा महकमा २७ बसगाड्या आणि १६६ माणसे यांच्यानिशी सुरू झाला. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. त्या बसगाड्यांच्या क्रमांकातील 'झेड' हे अक्षर निजामाच्या मातुःश्री झहराबेगम यांच्या नावाचे, असे सांगतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने या महकम्याचे महत्त्व निराळे आहे. रेल्वेची शिस्त त्याच्या हाडात होती : अमुक मैलांनंतर तेल बदलणे, तमुक मैलांनंतर व्हॉल्व्ह घासणे, आणि झालेल्या कामाची नोंद करणे. असल्या कारखान्यात हात बसलेला मनुष्य नोकरी सोडून आपल्या गावी झाड आणि पत्र्याचा आडोसा पाहून दुकान थाटी, तेव्हा त्याच्याबरोबर ती शिस्त थोडी, आणि उर्दू-दख्खनी मिश्रित ती बोली पुष्कळ, अशी येत असे. पाना, पेचकस, उस्ताद, शागीर्द हे शब्द मराठवाड्यातील गॅरेजात आजही परके वाटत नाहीत ते यामुळेच.

त्या काळच्या इंजिनांत तेलाचा दाब हा प्रकार आजच्या अर्थाने जवळजवळ नव्हताच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेलाचा पंपच नव्हता. फिरत्या चक्राने उडविलेले तेल नळीतून पुढे जाई आणि बाकीचे काम तळाच्या तेलात बुडून शिंतोडे उडविणाऱ्या कनेक्टिंग रॉडांवर सोपविलेले. तेल किती उरले हे पाहावयाचे तर गाडीखाली निजून दोन छोट्या तोट्या उघडून पाहावे लागे. लांब चढ लागला की तेल मागे ओसरे आणि पुढचा पहिला रॉड कोरडा पडे. नांदेडहून लोहा-अहमदपूरवरून लातूरकडे येताना बालाघाटच्या माथ्यावर चढावेच लागते. तेथे अशा गाडीचा पहिलाच रॉड का वाजू लागे, याचे उत्तर त्या तोट्यांत आहे. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरांचे इंजिन त्याहून सुधारलेले. त्यात पंप होता, काटाही होता, परंतु रॉडांच्या बेअरिंगांना तेल दाबाने आतून न मिळता फवाऱ्याने बाहेरून मिळे, आणि म्हणून त्याचा काटा चौरस इंचाला चौदा पौंडांच्या आसपास उभा राहिला तरी प्रकृती उत्तम समजली जाई. ज्याचा हात शेव्हरोलेवर बसला त्याला चौदा पौंड पुरेसे वाटत. पुढे ज्याने पन्नास पौंडांच्या इंजिनावर शिकून विद्या मिळविली, त्याला तोच आकडा पाहून घाम फुटला असता. आकड्याला इंजिनावाचून अर्थ नसतो, हे या मुलखातील मिस्त्र्यांना पुस्तकाने नव्हे तर भिन्न भिन्न जातींच्या गाड्या एकाच अंगणात उभ्या राहिल्याने कळले.

त्या काळचे बेअरिंग म्हणजे आजची तयार वाटी नव्हे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये ज्या मऊ मिश्रधातूचे पेटंट घेतले, ती कथिल-प्रधान धातू रॉडातच ओतून घ्यावी लागे. हे काम जवळून पाहण्यासारखे होते. जुने बॅबिट वितळवून काढावयाचे, आतल्या लोखंडाला कल्हई द्यावयाची, रॉड ब्लोलॅम्पने तापवावयाचा, आणि कढईतील धातू योग्य तापली की नाही हे पाहण्यास तीत लाकडाची काडी बुडवावयाची : काडी नुसती तपकिरी झाली तर धातू थंड, पेटली तर अति तप्त, काळी पडून धुरकटली तर ओतावी. मग निळा रंग क्रँकला चोपडून रॉड त्यावर फिरवावयाचा, जेथे निळे लागेल तेथे स्क्रेपरने धातू खरवडावयाची, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे, असे सर्वत्र सारखा डाग उमटेपर्यंत. बेअरिंगच्या दोन अर्ध्यांमध्ये पितळेच्या पातळ पत्र्या घातलेल्या असत. रॉड वाजू लागला की एक पत्री काढून तो आवळला जाई, आणि पत्र्या संपल्या की पुन्हा ओतकाम. वाटेत रॉड फुटला तेव्हा चामडी पट्ट्याचा तुकडा बेअरिंगच्या जागी घालून गाडी घरी आणल्याच्या हकिकती सर्वत्र ऐकू येतात. हळू चालविली तर ते अशक्य नाही, एवढेच मी म्हणेन.

येथे तेलाच्या दाबाविषयी थोडे विषयांतर करणे अगत्याचे आहे, कारण हा दाब शाफ्टला उचलून धरतो अशी जी समजूत धनी आणि मिस्त्री या दोघांतही आढळते, ती बरोबर नाही. १८८३ च्या सुमारास बोशां टॉवर या इंग्रज अभियंत्याने आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग चालविले असता त्याने वरून पाडलेल्या छिद्रातून तेल उलट बाहेर येऊ लागले. त्याने लाकडी बूच मारले, तर फिरणाऱ्या आसाने तेही बाहेर ढकलले. तेथे दाबमापक लावला, तो दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. तेलात बुडालेला आस स्वतःच फिरता फिरता तेल पाचरीसारखे आत ओढतो आणि त्या पाचरीवर तरंगतो, याची मीमांसा ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये गणिताने केली. म्हणजे इंजिनाचा पंप शाफ्टला उचलीत नाही; तो फक्त तेल पोहोचवितो, आणि काटा जे दाखवितो ते तेल किती अडते आहे याचे माप असते. शाफ्ट आणि बेअरिंग यांमधील फट इंचाच्या एक-दोन हजारांश असते. ती झिजून दुप्पट झाली तर तीतून निसटणारे तेल सुमारे आठपट होते, आणि पंप तेवढाच राहिल्याने काटा खाली येतो. काटा पडला म्हणजे पंपच गेला असे मानणारा मिस्त्री म्हणूनच दहापैकी पुष्कळ वेळा नवा पंप बसवून जुनाच काटा पाहतो.

त्यात उष्णतेची भर. एखादे चाळीस नंबरचे तेल चाळीस अंशांवर जितके घट्ट असते, त्याच्या सुमारे दशांश ते शंभर अंशांवर उरते. वैशाखात नांदेडचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, काळ्या मातीची धूळ हवेत उभी असते, आणि ती धूळ हवेच्या गाळणीतून चुकून आत शिरली की पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांना कानशीप्रमाणे खाते. थंड इंजिनात पन्नास दाखविणारा काटा चढ चढून आलेल्या आणि उभ्या राहिलेल्या गाडीत पाच-सात पौंडांवर लोळतो, तो याच दोन कारणांच्या संगतीने. म्हणून शहाणा उस्ताद गाडी सकाळी पाहत नसे. भर दुपारी एक फेरी मारून आणावयास सांगे आणि मग संथ चालीवर कान देई.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या जीप व मालमोटारी बाजारात आल्या, आणि १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाईनंतर निजामी संपली. महकमे बदलले, दप्तराची भाषा बदलली, गॅरेजांची बदलली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ मध्ये येथली एसटी राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. औरंगाबादेस चिकलठाण्याला मध्यवर्ती कारखाना, जिल्ह्यांत विभागीय कारखाने, आणि १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून निघालेल्या आयटीआयमध्ये 'मोटार मेकॅनिक' हा अभ्यासक्रम : येणेप्रमाणे विद्येला सरकारी घर मिळाले. तथापि खासगी गल्ल्यांतील शिक्षण आपल्याच रीतीने चालू राहिले. दहा-बारा वर्षांचा मुलगा प्रथम फक्त भाग धुई, दिव्याचा उजेड धरी, चहा आणी. पगार नाही, जेवण आणि ईद-दिवाळीला कपडे. पोराच्या हातात पाना पडावयास वर्ष-दोन वर्षे लागत. या रीतीत क्रौर्य होते हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि तिच्या गुणगानात आपण ते सोयीस्करपणे विसरतो.

नांदेड आणि लातूर यांची प्रकृती येथून थोडी निराळी होत गेली. नांदेडला महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबशी जुना ऋणानुबंध होता. शीख कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, आणि मालवाहतुकीच्या धंद्यात व मोटारींच्या कामात त्यांचा हात लवकर बसला. वजिराबाद-इतवाऱ्यातील मुसलमान उस्ताद, शीख मालमोटारवाले आणि लोहार-सुतारांतून वेल्डिंग व बॉडीकडे वळलेले पांचाळ यांच्या मेळातून तेथली गॅरेजे भरली. लातूर हे मुळात बाजाराचे गाव. १९१७ मध्ये आखलेल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तूर, हरभरा, करडई, भुईमूग यांची आवक आणि डाळी व तेल यांची जावक मालमोटारीवाचून होईना. जमशेदपूरला १९५४ पासून बनू लागलेली टाटा-मर्सिडीज मालमोटार लातूरच्या आडतीवर उभी राहिली ती या गरजेने, आणि लातूरच्या मिस्त्र्याचा कान डिझेलवर आधी तयार झाला तोही या गरजेनेच.

मोटारकारच्या विद्येचा सुवर्णकाळ मात्र अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट यांचा. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर, त्यांना दाबणारे रॉकर त्याहून वर, आणि रॉकर व व्हॉल्व्ह यांमध्ये पंधरा हजारांश इंचाची फट ठेवावयाची. ही फट वाढली की टॅपेटची टिकटिक. ती काढण्याची युक्ती प्रत्येक शागिर्दाला तोंडपाठ असे : आठ व्हॉल्व्हांपैकी पहिला पूर्ण उघडला असता आठव्याची फट पाहावी, दुसरा उघडला असता सातव्याची, तिसऱ्याला सहाव्याची, याप्रमाणे बेरीज नेहमी नऊ. फीलर गेजची पाती फटीत घालून ओढताना किंचित अडली पाहिजे, घसरता कामा नये आणि अडकताही कामा नये. पण येथेच नवशिका फसे. रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हने वर्षानुवर्षे ठोकून खळगा पाडलेला असतो; पाते त्या खळग्यावरून पुलासारखे जाते, फट पंधरा दाखविते आणि प्रत्यक्षात ती वीस-बावीस असते. टॅपेट तीनदा आवळूनही टिकटिक जात नाही, तेव्हा उस्ताद पाते ठेवून देई, रॉकर शाफ्ट काढी आणि त्याच्या खालच्या अंगाला नख फिरवी. नखाला खाच लागली की निदान झाले.

आणि आवाज कोठला हे ठरविण्याची पद्धत? कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून व्हॉल्व्हची टिकटिक क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येते. तिची लय इंजिनाच्या चालीपेक्षा सावकाश, आवाज वरून, हलका आणि कोरडा. रॉडची खटखट खालून येते, जड असते, आणि गॅस देऊन एकदम सोडला की त्या क्षणी उघडी पडते. लाकडी मुठीचा लांब पेचकस मुठीकडून कानाला लावून त्याचे टोक रॉकर कव्हर, ब्लॉक, तळाचे तेलाचे चेंबर असे फिरवीत नेले की आवाजाची जागा हाती येई. मग एकेका प्लगची वायर काढून पाहावयाची : ज्या सिलिंडरची ठिणगी बंद केली असता खटखट मंदावते त्याच सिलिंडरचा रॉड किंवा पिस्टन दोषी, टिकटिक तशीच राहिली तर ती टॅपेटची. डिझेलला ठिणगी नाही, तेथे नोझलच्या नळीचा नट क्षणभर ढिला करून तेच काम साधावयाचे. थंडीत वाजून गरम झाल्यावर गप्प बसणारा आवाज पिस्टनचा. किंवा एक्झॉस्टच्या जोडातून फुटणाऱ्या धुराचाही असू शकतो, आणि तो टॅपेटची इतकी हुबेहूब नक्कल करतो की त्यापायी अनेकांनी निरपराध रॉकर उतरविले आहेत. जोडावर साबणाचे पाणी शिंपडून बुडबुडे पाहणारा मिस्त्री त्या फजितीतून वाचे. उतरविलेला क्रँक दोरीला टांगून हातोडीने हलका ठोकीत आणि बाजारात मडके वाजवून घ्यावे तसा त्याचा नाद ऐकत. नाद बद्द आला तर चीर आहे, लेथवर पैसे घालू नका.

या काळातील एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधीन. टिकटिक आणि तेलाचा दाब हे दोन प्रश्न त्या इंजिनांत मूलतः वेगळे होते. टॅपेट वाजे तो फटीमुळे, आणि काटा पडे तो बेअरिंग झिजल्यामुळे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू नव्हते. किंबहुना घट्ट टॅपेटपेक्षा वाजणारा टॅपेट बरा, असे उस्ताद सांगत आणि त्यांचे म्हणणे सयुक्तिक होते. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर टेकत नाही, त्याची उष्णता निघून जात नाही, आणि तो जळतो. म्हणून टिकटिक ऐकून घाबरलेल्या धन्याला 'चलने दो' असे सांगून वाटेला लावणे हा त्यांचा परिपाठ झाला. जे खरे भयाचे, म्हणजे पडता काटा, त्यावर मात्र बाजाराने एक खोटे औषध काढले : जाड तेल. झिजलेल्या इंजिनात पन्नास नंबरचे तेल ओतले की काटा वर चढतो, खटखट दबते, आणि तेवढ्या अवधीत जुनी गाडी विकली जाते. गिऱ्हाईकही काही भोळे नव्हते. जाणता खरेदीदार गाडी तासभर पळवून, तेल तापवून, मगच काटा पाही.

काट्याची जागा पुढे लाल दिव्याने घेतली, आणि माझ्या मते निदानविद्येची ती मोठी पीछेहाट होती. काटा हळूहळू उतरताना महिनाभर आधी बोलतो; दिवा दाब पाच-सात पौंडांखाली गेल्यावरच पेटतो, तोवर बेअरिंगचे व्हायचे ते होऊन गेलेले असते. वर दिव्याचे बटण स्वतःच बिघडून दिव्याला खोटेच पेटण्याची सवय लावते, आणि धनी मग खऱ्या दिव्याकडेही काणाडोळा करतो.

१९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या वाढल्या, त्यांच्या जीपगाड्या वाढल्या, आणि नांदेड-अहमदपूर-लातूर रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपांनी उतारू भरभरून नेण्यास प्रारंभ केला. त्यांतील प्यूजोच्या परवान्याची डिझेल इंजिने क्षमतेच्या दुप्पट ओझे ओढीत, आणि त्यांच्या 'हाफ इंजिन', 'फुल इंजिन' म्हणजे अर्ध्या वा पूर्ण इंजिनदुरुस्तीच्या कामांवर अनेक गॅरेजांची चूल पेटे. नांदेडला १९८१ मध्ये श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तेथला पदवीधर आणि नाक्यावरचा उस्ताद यांची गाठ क्वचितच पडे, हे दोघांचेही नुकसान. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीजवळ मारुती ८०० बाहेर पडली आणि थोड्याच वर्षांत ती या गल्ल्यांतही दिसू लागली : तीन सिलिंडर, डोक्यावरच कॅमशाफ्ट, हलके तेल. नऊच्या बेरजेचा नियम तीन सिलिंडरांत चालेना.

खरी उलथापालथ केली ती हायड्रॉलिक टॅपेटने. ही कल्पना नवी नव्हती. कॅडिलॅकने १९३० मध्येच सोळा सिलिंडरांच्या गाडीत तिचा उपयोग केला होता. इंजिनाचेच तेल एका लहानशा नळकांड्यात भरून ते फट आपोआप बुजविते, म्हणजे ना फीलर गेज, ना टिकटिक. मराठवाड्यात ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती बरीच पुढे, विशेषतः फियाटच्या आरेखनाच्या १.३ लिटर डिझेल इंजिनातून, जे स्विफ्ट आणि डिझायर या गाड्यांबरोबर भाड्याच्या टॅक्सीच्या धंद्यात घरोघर पोहोचले. या इंजिनात टॅपेटला तेल हवे, टायमिंग चेनचा ताण सांभाळणाऱ्या दट्ट्यालाही तेलाचाच दाब हवा. सकाळी सुरू करताना दोन-चार सेकंद टिकटिक झाली तर नळकांडी रात्रीतून रिकामी झाली होती इतकेच. पण गरम इंजिनात ती राहिली, तर वर तेल पोहोचत नाही असा तिचा अर्थ. चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर जळक्या तेलाचा गाळ बसला आहे, किंवा तेलाची पातळीच उतरली आहे, किंवा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. जे दोन प्रश्न पन्नास वर्षे वेगळे होते ते येथे एक झाले, आणि 'चलने दो' हे जुने, सयुक्तिक उत्तर घातक ठरले. जाड तेलाचे औषध तर त्याहून वाईट. ते बारीक वाटांतून उशिरा चढते आणि तेवढा वेळ चेन सैल राहते.

हा बदल गल्ल्यांनी पचविला, पण सहज नव्हे. काही जुन्या उस्तादांनी नव्या गाड्या घेणेच सोडून दिले. ज्यांनी सोडले नाही त्यांच्याकडे आता क्रम उलटा आहे : आधी तेलाची पट्टी काढून पातळी आणि वास पाहावा, तेलाला डिझेलचा वास येत असेल तर ते पातळ झाले असे समजावे, मग दिव्याचे बटण काढून त्याच्या आट्यांत काट्याचा दाबमापक बसवावा, गाडी तापवून संथ चालीवर आणि वाढत्या फेऱ्यांवर आकडा घ्यावा, दर हजार फेऱ्यांना दहा पौंड हा ढोबळ हिशेब जुळला तर पेचकस कानाला लावावा, न जुळला तर चेंबर उतरवून जाळी पाहावी. चेंबर उतरविणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, इंजिन उतरविणे आठवड्याचे. जाळी धुऊन, तेल व फिल्टर बदलून काटा वर आला तर धन्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे मिळते. नाही आला, तर मेन बेअरिंगची एक वाटी सोडवून तिच्यावर तांबूस थर उघडा पडला आहे का ते पाहतात, आणि मग गाडीच्या किमतीशी क्रँकच्या घासणावळीचा हिशेब मांडतात. अलीकडच्या छोट्या गाड्यांत तो हिशेब पुष्कळदा जुने इंजिन भंगारात घालून दुसरे बसविण्याच्या बाजूने झुकतो, आणि लेथवर क्रँक येतात ते बहुतेक ट्रॅक्टरांचे आणि मालमोटारींचे.